टाकणखाराचा मध

सिग्नेट, टास्मानिया
१९ फेब्रुवारी १९६१

मर्ल बाळे,

तुझ्या मांडीचं हाड मोडल्याची बातमी मला पोस्टातल्या बाईकडून कळली, म्हणजे माझ्याआधी अख्ख्या खोऱ्याला कळली. नवऱ्याची बोट सुटली की गुपचूप घरी यावं. लॉन्सेस्टनच्या धक्क्याच्या ओल्या पायऱ्यांवरून मागे बघत हात हलवत उतरायची काय गरज होती? तू लहानपणापासून अशीच वेंधळी. तुझी आई गेल्यावर मी तुला वाढवलं, पण चालायला काही नीट शिकवता आलं नाही बघ.

असो. स्टॅन आपली सफरचंदं इंग्लंडला उतरवून परत येईस्तोवर जून उजाडणार, तेव्हा केल्विनची चिंता तू करायची नाहीस. दोन दिवसांसाठी ठेवून गेलीस, आता तू चालायला लागेपर्यंत राहील. नऊ महिन्यांचं पोर, पण भूक गड्याची आहे. बटाटा कुस्करून देते, दूध देते, आणि तोंडात चोखणी असली की स्वारी खूष. पॅकिंगच्या शेडमध्ये खोक्यात बसवते. बाया कागदात फळ गुंडाळतात, हा कागद खातो.

ॲथोल काका झाडांच्या मागे आहेत. यंदा फळाला बूच धरलेलं नाही. आठवतं ना, वरून लालचुटूक आणि कापलं की आत तपकिरी, कडू, बुचासारखं? शेतकी खात्याच्या माणसाने सांगितलं होतं की आपल्या टेकड्यांच्या मातीत बोरॉनच नाही. टाकणखारात ते असतं, म्हणून काकांनी झाडांच्या बुडाशी टाकणखार टाकायला घेतला आणि फळाची रयाच बदलली. आता ते शेजाऱ्यांना शिकवत हिंडतात, घरात मात्र तोंड उघडत नाहीत.

लॉन्सेस्टनला जाणाऱ्या ट्रकवाल्याकडे मधाची बरणी दिली आहे. आपल्या लेदरवुडच्या फुलांचाच मध आहे, पण त्यात माझं एक औषध घातलंय. सकाळ-संध्याकाळ चमचा चमचा घे. नाक मुरडू नकोस, हाडासाठी आहे.

तुझी,
तिर्झा मावशी

•

लॉन्सेस्टन, इस्पितळ
२६ फेब्रुवारी

मावशी,

पाय वजनाला बांधून वर टांगलाय. मी खुराड्यातल्या कोंबडीसारखी नुसती मान वळवते. माझ्या शेजारच्या खाटेवर एक म्हातारी आहे, तिचा खुबा मोडलाय आणि ती दिवसभर नर्सांना शिव्या देते. तुझी आठवण येते.

बरणी मिळाली. औषध म्हणजे पुन्हा ते समुद्रशेवाळच ना? लहानपणी तू ते माझ्या लापशीत घालायचीस आणि मी कुत्र्याला द्यायची. आता टांगलेली असल्यामुळे पळून जाता येत नाही, म्हणून मुकाट्याने घेते.

केल्विनचं सगळं लिही. दात आले का? मला ओळखेल ना गं तो? रात्रंदिवस हाच एक विचार डोक्यात असतो. मुलांना वॉर्डात आणू देत नाहीत, नाहीतर तुला सांगितलं असतं की मोसम गेला खड्ड्यात, घेऊन ये त्याला.

मर्ल

•

सिग्नेट
५ मार्च

मर्ल,

ओळखेल, ओळखेल. तुझा फोटो दाखवते तेव्हा तो चाटतो.

दात येताहेत त्यामुळे किरकिर जरा वाढली आहे. दूध टाकतो मधूनच. लाळेने गालांवर लाली आली आहे. पोरं अशीच वाढतात, तू तर दात येताना सगळ्या वाडीभर आरडाओरडा करायचीस. चोखणी मधात बुडवून दिली की गप्प होतो. बाकी ठणठणीत आहे.

परवा चर्चमध्ये हंगामाची प्रार्थना झाली. वेदीपुढे भोपळे, सफरचंदं, बायांनी केलेले मुरंबे. मी माझ्या मधाच्या बरण्या मांडल्या होत्या. पाद्रीबाबांनी नाव घेऊन कौतुक केलं. एडना हार्टनॉलचं तोंड बघण्यासारखं झालं होतं, तिच्या लिंबाच्या मुरंब्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. बरण्या नंतर बायांनी वाटून घेतल्या. लहान मुलं असलेल्या घरांना मी आधी दिल्या.

दुसरी बरणी पाठवली आहे. खाल्लीस का पहिली?

मावशी

•

लॉन्सेस्टन
१४ मार्च

मावशी,

खाल्ली. पण आज तुला खरं काय ते सांगते, कारण लपवून लपवून मी थकले.

हाड जुळत नाही. डॉक्टरांनी पुन्हा हाडाचा फोटो काढला आणि माझ्यासमोर एकमेकांशी हळू बोलले. जेवण समोर आलं की पोटात ढवळतं. तळहातांची सालं निघताहेत. आणि केस जाताहेत गं. सकाळी उशीवर झुबके असतात. नर्स म्हणते धक्क्याने होतं असं. मध्यंतरी पहिली बरणी संपली आणि दुसरी घेऊन ट्रक आला नव्हता तेव्हा चार घास जात होते, आता पुन्हा तेच सुरू झालं.

मला मरणाची भीती वाटत नाही. मी लंगडी झाले तर केल्विनच्या मागे धावणार कशी, याची वाटते. स्टॅनला यातलं काही लिहू नकोस.

मर्ल

•

सिग्नेट
१८ मार्च

मर्ल, माझ्या सोन्या,

तुझं पत्र वाचून मी शेडच्या मागे जाऊन रडले. काका म्हणाले, फळं काळी पडतील, आत ये. माणूस आहे का दगड.

आता नीट ऐक. घाबरायचं नाही, कारण रोग मला कळलाय. मी कधीची म्हणत होते, पण माझं ऐकतंय कोण. ज्या मातीतलं झाड खातं त्याच मातीतला बटाटा आपण खातो, त्याच गवतावरच्या गाईचं दूध पितो. मातीत बोरॉन नाही म्हणून झाडाला बूच धरतं, शेंडे वाळतात, पानं झडतात. मग आपल्या हाडांत दुसरं काय असणार? तुझं हाड जुळत नाही ते यामुळेच. तू इथेच जन्मलीस, इथलंच खाल्लंस. केस झडणं म्हणजे तरी काय, पानगळच की. म्हणजे कमतरता मला वाटली त्यापेक्षा खोल आहे.

म्हणून या बरणीत मी औषध वाढवलंय. मी आणि काका चिमूट चिमूट घेतोच. काकांची आखडलेली बोटं सुटली, माझा गुडघा बोलत नाही. मन घट्ट करून घे.

केल्विनलाही हीच खोड आहे, आईचंच हाडपेर घेतलंय त्याने. डोक्यामागचे केस विरळ झालेत आणि तळव्यांची सालं नव्या बटाट्यासारखी निघतात. कधी कधी डोळे वर फिरवतो आणि हातपाय ताठ करतो, मग झोपून जातो. दातांमुळे असेल. त्यालाही मी वाढवून देते आहे. तुझ्यावर आली ती वेळ त्याच्यावर येऊ देणार नाही.

मावशी

•

लॉन्सेस्टन
२१ मार्च

मावशी,

हे पत्र उभ्या उभ्या वाच, हातातलं काम टाकून.

मधात काय घालतेस? शेवाळ नाही ना ते? काकांचा टाकणखार आहे का? झाडांना घालतात तो?

मी इथे, तो तिथे. माझे केस जातात, त्याचे जातात. माझी सालं निघतात, त्याची निघतात. मी ओकते, तो दूध टाकतो. आम्ही दोघं एकत्र असतो तर म्हटलं असतं की साथ आहे. आम्हा दोघांच्या पोटात सारखं असं एकच काही जातं आणि ते तुझ्या स्वयंपाकघरातून येतं.

मी बरणी नर्सच्या हातात दिली आहे. त्याची चोखणी चुलीत टाक. आत्ता. आणि डोळे फिरवून ताठ होणं दातांनी होत नाही, मावशी. त्याला झटके येताहेत. तू ते एका ओळीत, बटाट्याच्या शेजारी लिहिलंस. किती दिवस येताहेत? डॉक्टरांना दाखवलंस का?

लगेच लिही. पोस्टातल्या बाईने फोनवर ऐकलं तर ऐकू दे, फोन कर.

मर्ल

•

सिग्नेट
२३ मार्च

मर्ल,

फोन केला नाही. जे बोलायचं ते सगळ्या खोऱ्याला ऐकवत बोलायची माझी तयारी नाही.

हो, टाकणखार आहे. त्यात एवढं आकांडतांडव करण्यासारखं काय आहे? औषधाच्या दुकानात मधातला टाकणखार बाळांच्या हिरड्यांना लावायला मिळतो. माझ्या आईने तुझ्या आईला लावला. मी काही कुणाला विष घातलेलं नाही. लहान रोपाला कमी घालतात, मोठ्या झाडाला जास्त, एवढी अक्कल मला आहे. हाताने वाढवलेल्या पोरीकडून हे ऐकायचं राहिलं होतं.

डॉक्टर काल येऊन गेले. झटके म्हणाले. स्टॅनच्या घराण्यात कुणाला मिरगी होती का विचारलं. मी म्हटलं, असेल, ती माणसं कधी धड नव्हतीच. काय खातो विचारलं, तर दूध आणि बटाटा सांगितलं. गुंगीचं औषध देऊन गेले. परत झटका आला तर हॉबर्टला नेऊन पाठीच्या कण्यात सुई घालून पाणी काढतील म्हणाले.

चोखणी कालपासून बंद केली आहे, तुझ्या शब्दाखातर. दिवसभर रडतोय.

त्या बरण्या मी सगळ्यांना वाटल्या आहेत, मर्ल. पाद्रीबाबांनी माझं नाव घेतलं होतं. आता मी डॉक्टरांना काय सांगू?

मावशी

•

तार
लॉन्सेस्टन, २४ मार्च

डॉक्टरांना टाकणखार सांग. किती दिला, किती दिवस. आजच. इथल्या डॉक्टरांच्या मते विषबाधा. तू लपवलंस तर ते दुसऱ्याच रोगावर इलाज करतील. पोर माझं आहे. मर्ल

•

सिग्नेट
२५ मार्च

मर्ल,

तार मी घेतली. तिर्झाच्या हातात दिली. ती खुर्चीत बसली ती किती वेळ उठेचना. केल्विनला पुन्हा झटका आला, ओठ निळे पडले. मग मात्र ती उठली. मी ट्रक काढला आणि दोघांना हॉबर्टच्या इस्पितळात सोडून आलो. फळं झाडावर आहेत, म्हणून परत यावं लागलं. तिथलं अजून काही कळलेलं नाही.

एक सांगतो. मागे मी खालच्या उतारावरची झाडं मारली. त्यांचे शेंडे वाळले, मला वाटलं कमी पडतंय, म्हणून आणखी टाकणखार टाकला. ते जास्त झाल्यामुळेच वाळत होते. कमी पडलं तरी शेंडा वाळतो, जास्त झालं तरी वाळतो. मी लाजेने झाडं उपटून जाळली आणि घरात बोललो नाही. तिला ठाऊक असतं तर तिने तिसऱ्या बरणीत औषध वाढवलं नसतं.

तुझा,
ॲथोल काका

•

हॉबर्ट
२८ मार्च

मर्ल,

जिवंत आहे. पहिलं ते लिहिते.

आत नेलं तेव्हा ते सुईची तयारी करत होते. तरुणसा डॉक्टर, मला मुलगा असता तर एवढाच असता. त्याने विचारलं, घरात नवीन काही दिलंत का. मी नाही म्हणणार होते. अगदी ओठांवर आलं होतं. मग केल्विन माझ्याकडे बघायला लागला. ते पोर माझ्याकडे तोंड वासून बघतं ना, तसंच, काहीतरी गोड मिळेल म्हणून. मी सगळं सांगितलं. किती चमचे, कधीपासून, कधी वाढवलं. नर्स लिहून घेत होती, तिने एकदाही वर पाहिलं नाही. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

सुई ठेवून दिली त्यांनी. नळीने पाणी देताहेत, रक्त तपासताहेत. परवा रात्रीपासून झटका नाही.

मी त्या डॉक्टरला विचारलं, पण मातीत नाही हे तर खरं ना? तो म्हणाला, झाडाला लागतं हे खरं आहे, बाई. माणसाला लागतं की नाही हे अजून कुणालाच माहीत नाही. लागत असलंच तर फळात, दाण्यांत, डाळींत असतं तेवढंच पुरत असेल. कमी पडून माणूस आजारी पडल्याचं मी वाचलेलं नाही, जास्त होऊन पडल्याचं मात्र वाचलंय. काकांच्या बोटांचं सांगितलं तर म्हणाला, उन्हाळ्यात सगळ्यांचीच बोटं सुटतात. मला त्याचा राग आला, पण रागावायचा मला काय हक्क?

तू शेवटच्या पत्रात जे लिहायचं टाळलंस ते मला माहीत आहे. माय मरो पण मावशी जगो म्हणतात. तुझी माय मेली आणि मी जगले, आणि काय केलं बघ.

मावशी

•

सिग्नेट
६ एप्रिल

मर्ल,

केल्विन अजून हॉबर्टलाच आहे, पण खातो, हसतो. मला तिथून परत यावं लागलं, कारण त्या डॉक्टरने दारापाशी विचारलं, हा मध आणखी कुणी खाल्लाय का?

ईस्टरच्या प्रार्थनेनंतर पाद्रीबाबांनी सूचना सांगितल्या. मी उभी राहिले. उठताना गुडघा कुरकुरला, म्हणजे टाकणखाराने काही उपयोग झाला नव्हताच. मी सांगितलं की माझ्या मधाने माझ्या बहिणीचा नातू मरता मरता वाचला, ज्यांच्या घरी बरणी आहे त्यांनी ती पोरांच्या हाती लागू देऊ नये, मी स्वतः न्यायला येते. मागच्या बाकावरचं एक पोर रडायला लागलं आणि त्याच्या आईने त्याला छातीशी धरलं.

मग दारोदार गेले. कुणी बरणी धुऊन दिली, कुणी दाराआडूनच सरकवली. एका पोरीचं तान्हं आठवडाभर दूध ओकत होतं. तिला मी तशीच ट्रकमध्ये घातली आणि डॉक्टरांकडे नेली. वेळेत गेली, निभावलं.

एडना हार्टनॉल म्हणाली, माझ्या नातीला गुण आलाय, मी देत नाही. मुरंब्याचं उट्टं काढत होती, दुसरं काय. मी तिच्या स्वयंपाकघरात बसून राहिले. म्हटलं, एडना, मला काय हसायचं ते हस, साऱ्या गावात सांग, पण बरणी घेतल्याशिवाय मी उठत नाही. तिने संध्याकाळचं जेवण वाढलं, मी बसलेलीच. शेवटी तिने कपाट उघडलं. मध मोरीत ओतताना ती माझ्या शेजारी उभी होती. मग म्हणाली, चहा घेऊन जा. तिच्या जागी मी असते तर मला इतकं चांगलं वागता आलं नसतं.

आता अवघड गोष्ट. केल्विनला दहाएक दिवसांत सोडतील. इस्पितळातल्या बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं की ज्या घरात हे झालं तिथे परत पाठवायचं की नाही हे आईने ठरवायचं. तू उभी राहीपर्यंत त्याला हॉबर्टच्या बालगृहात ठेवता येईल. तिथे स्वच्छता आहे, शिकलेल्या बाया आहेत. इस्पितळातल्या त्या बाई तुला लिहितील. तू तेच नाव दे, बाळे. मी वाईट वाटून घेणार नाही. वाटून घेईन, पण तुला कळू देणार नाही.

तिर्झा

•

लॉन्सेस्टन
१३ एप्रिल

मावशी,

खाली नुसतं तिर्झा लिहिलंस. ते मला आवडलं नाही.

नव्या फोटोत हाडाच्या टोकांवर धुकं दिसतं. धुकं चांगलं असतं म्हणे, जुळायला लागलं की तसं दिसतं. अजून निदान दोन महिने मी हलणार नाही. जेवण जातं. डोक्यावर कोंबडीच्या पिल्लासारखी लव आली आहे, शेजारची म्हातारी रोज हात फिरवून बघते.

त्या बाईंचं पत्र आलं. मी दोन दिवस ते उशीखाली ठेवलं. खोटं कशाला बोलू, पहिल्या दिवशी मी बालगृहच ठरवलं होतं. तुझा इतका राग आला होता की तू समोर असतीस तर टांगलेल्या पायाने लाथ मारली असती. केस गेल्याचा नाही. तू त्या डॉक्टरांना दूध आणि बटाटा सांगितलंस त्याचा. तो राग अजून आहे. आणखी बरीच वर्षं राहील, तुला तो सोसावा लागेल.

दुसऱ्या दिवशी मी बालगृहाचा विचार करून पाहिला. तिथल्या बाया चांगल्या असतील. पण दिवसाला कितीतरी पोरांना भरवायचं, कुणी काय हातात दिलं, कुणाच्या तोंडात काय गेलं, त्या कुठवर बघणार? त्यांच्या हातून अजून काही घडलेलं नाही. त्यांना अजून भीती ठाऊक नाही.

मी तुझं नाव दिलंय. आभार मानू नकोस, मी उपकार करत नाही. आता त्याच्या तोंडात काही जाण्याआधी तुझा हात जसा थांबेल, तसा त्या सबंध खोऱ्यात दुसऱ्या कुणाचा थांबणार नाही.

सोमवारी सकाळी त्याला आणायला जा.

मर्ल